वरून फोटो काढायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचं काम ड्रोनवरून फोटो आणि मोजणीसाठीची छायाचित्रं काढून देण्याचं. घर ठाण्यात, निम्मी कामं खाडीपलीकडे नवी मुंबईत. फोनवर रोज तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोक फसतात.

फोन केल्याकेल्या तुम्ही "फोटो कशाला हवाय?" असं का विचारता?

भोचकपणा नाही हो. एकाच जागेचे, एकाच ड्रोनने, एकाच सकाळी काढलेले दोन फोटो दोन वेगळ्या कामांचे असतात. एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही. शिळफाट्याजवळच्या एका जागेचे सूर्योदयाचे झकास फोटो आम्ही सुरुवातीच्या काळात काढून दिले होते. मालक खूश झाले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, "यावरून भराव किती लागेल ते सांगा." त्या फोटोंवरून ते सांगणं शक्य नव्हतं. पुन्हा जावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे मागताना आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून हा प्रश्न आधी.

म्हणजे फोटोंमध्ये नेमका फरक काय?

मुख्य प्रकार दोन. कॅमेरा तिरका ठेवून काढलेला आणि कॅमेऱ्याचं तोंड थेट जमिनीकडे ठेवून काढलेला. तिरक्या फोटोत क्षितिज येतं, इमारतींच्या भिंती दिसतात, मागे पारसिकचा डोंगर किंवा येऊरची हिरवळ येते. जाहिरात, लग्न, संस्थेचा वार्षिक अहवाल यांना हाच हवा. पण त्यात जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, म्हणून त्यावर पट्टी ठेवता येत नाही. मोजायचं असेल तर सरळ खाली बघणारे फोटो लागतात. ते दिसायला अगदी नीरस: पत्रे, टाक्या, झाडांचे शेंडे.

मोजणीसाठी उंचावरून एकच मोठा फोटो का नाही काढत?

एकाच ठिकाणाहून बघितल्यामुळे कडेच्या उंच गोष्टी बाहेर झुकलेल्या दिसतात. एका फोटोत बिल्डिंगचं छप्पर दिसतं आणि एका बाजूची भिंतही दिसते, म्हणजे छप्पर पायापासून सरकलेलं. म्हणून ड्रोन शेतात नांगर चालावा तसा ओळीने जातो आणि दर काही मीटरवर एक फोटो घेतो. पुढच्या-मागच्या फोटोंत साधारण ७५ ते ८० टक्के भाग सामाईक ठेवतो, शेजारच्या ओळींत ६० ते ७०. त्यामुळे जमिनीवरचा प्रत्येक ठिपका अनेक कोनांतून टिपला जातो. आपल्या दोन डोळ्यांना खोली कळते त्याच तत्त्वावर सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याची उंची काढतं आणि झुकाव काढून टाकून सगळ्याचा एक सपाट, मापात बसणारा फोटो शिवतं. त्याला ऑर्थोफोटो म्हणतात. त्यावर मात्र पट्टी ठेवा.

नीट मापासाठी जमिनीवर खुणाही लागतात. आम्ही काळ्या-पांढऱ्या चौकटींचे फलक ठेवतो आणि प्रत्येकाचं ठिकाण अचूक जीपीएसने मोजून घेतो. तुमच्या वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर "कचरा पडलाय" म्हणून तो उचलून ठेवतो. दोनदा झालंय.

किती बारीक दिसतं?

उंचीवर अवलंबून. कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या 'एक इंची' सेन्सरचं (हे नुसतं नाव, माप नाही) उदाहरण घ्या: सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, लेन्सचं नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर, फोटोची रुंदी ५,४७२ पिक्सेल. १०० मीटर उंचीवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीचा सुमारे २.७ सेंटिमीटर भाग मावतो. ५० मीटरवर उतरलं की तो निम्मा, १.४ सेंटिमीटरच्या आसपास. भिंतीपासून ५ मीटरवर गेलं तर १.४ मिलिमीटर. म्हणजे १०० मीटरवरून गाडीच्या टपावरचं कॅरियर दिसेल, भिंतीतली तडा दिसणार नाही. तडा बघायची तर भिंतीच्या जवळच जावं लागतं. आणि पिक्सेल २.७ सेंटिमीटरचा आहे म्हणून माप तितकंच अचूक येतं असंही नाही. ते खुणांवर ठरतं.

ड्रोनच्या फोटोवरून जमिनीची हद्द ठरवून द्याल का?

नाही. हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आमच्या नकारावर सगळ्यात जास्त लोक नाराज होतात.

फोटोत बांध दिसतो, कुंपण दिसतं, शेजाऱ्याने पुढे सरकवलेला पत्राही दिसतो. हद्द दिसत नाही. ती कागदावर असते आणि ती जागेवर दाखवण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो आणि मग 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. वाद झाला तर तो कागद चालतो. आमचा फोटो फार तर "त्या तारखेला जागेवर हे होतं" एवढं सांगतो. कधीकधी तेवढंही पुष्कळ असतं. भराव कधी पडला, झाडं कधी गेली, यावर भांडण असेल तर तारखेचा फोटो कामाला येतो. त्यासाठी मूळ फाइल जशीच्या तशी जपा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून जाते.

पण सरकार तर गावठाणांची मोजणी ड्रोननेच करतंय ना?

करतंय, आणि ते प्रकरण बघण्यासारखं आहे. स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. शेतजमिनीला सातबारा होता, पण गावठाणातल्या घरांना बहुतेक ठिकाणी तसा कागद नव्हता. आजोबा राहत होते म्हणून आपण राहतो, एवढाच पुरावा. या योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणावरून उडतात. पण उडण्याआधी ग्रामस्थांसमोर प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याच्या रेषा मारतात. कॅमेरा ती पांढरी रेघ टिपतो. नकाशा झाल्यावर तो पुन्हा जागेवर तपासतात, हरकती घेतात, मग मालमत्ता पत्रक बनतं. म्हणजे तिथेही हद्द माणसांनीच ठरवली, ड्रोनने ती फक्त कागदावर आणली.

आमच्या भागात गावठाणांची गोष्ट जरा वेगळी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबई उभी राहिली ती ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर. घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, करावे ही नावं सेक्टरांना मिळाली, पण मूळ गाव त्या सेक्टरांच्या मधोमध अजून आहे. वरून बघितलं की ते एका नजरेत कळतं. चहूबाजूला आखीव प्लॉट, आणि मध्ये एकमेकांना खेटलेल्या घरांचा गोल गठ्ठा, त्यात देवळाचं शिखर. गरजेपोटी, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय, बांधलेल्या घरांबद्दल विचारायला प्रकल्पग्रस्त कुटुंबांतली माणसं आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना आधी गावठाणाचा जुना नकाशा शोधायला सांगतो. फोटोचं नंतर बघू.

परवानगी लागते का?

कुठे उडवायचं त्यावर आहे. ड्रोन नियम २०२१, म्हणजे २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले, आकाशाचे तीन रंग करतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, वेगळी परवानगी नको. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं आकाश २०० फुटांवरच संपतं. त्याहून आत आलात की फुकटचं आकाश मिळत नाही.

आता आपला भाग बघा. कोलशेतला हवाई दलाचं ठाणं. वाशीसमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. खाली उरणकडे बंदर आणि नौदल. आणि नवी मुंबईचा विमानतळ, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. उलवे, बेलापूर, पनवेलला राहणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं: तीन वर्षांपूर्वी गच्चीवरून बिनघोर उडवलेला ड्रोन आज त्याच गच्चीवरून गुन्हा ठरू शकतो. गच्ची तीच, आकाश बदललं.

शिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात, नकाशावर हिरवं असलं तरी. सण, मोठ्या लोकांचे दौरे, देशातली तणावाची परिस्थिती अशी कारणं असतात. म्हणून आम्ही प्रत्येक कामाआधी सरकारी नकाशा त्याच दिवशी बघतो आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवतो. "मागच्या वर्षी तर झालं होतं" हे कारण आमच्याकडे चालत नाही. पोलिसांकडे तर नाहीच.

पुतण्याकडे २४९ ग्रॅमचा ड्रोन आहे. त्याला काही लागत नाही म्हणतात.

अर्धं खरं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि तो चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या सूक्ष्म वर्गालाही हौसेसाठी ते नको. धंद्यासाठी मात्र हवं. पण लाल क्षेत्र सगळ्यांना लाल. वजन कमी म्हणून विमानतळाजवळ सूट नाही. शिवाय परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. तेव्हा दुबईहून येणाऱ्या मामांना सांगण्याआधी विचार करा.

येऊर किंवा खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे ड्रोनने फोटो काढता येतील?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिथेही तेच.

कायदा बाजूला ठेवला तरी आम्ही हे काम घेत नाही. रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, पावसाआधी जातात, आणि ओहोटीच्या त्या काही तासांत चिखलातून त्यांचं खाणं चालतं. डोक्यावर घोंघाट आला की सगळा थवा उठतो. इंटरनेटवर गुलाबी थवा उडतानाचा जो सुंदर व्हिडिओ तुम्ही बघता, त्यात बऱ्याचदा ते घाबरलेले असतात. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट जाते. लांब लेन्स घेऊन त्यातून जा.

आमच्या सोसायटीला याचा काय उपयोग?

गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर, पाइपांच्या सांध्यांतून उगवलेला पिंपळ. पूर्वी यासाठी परांची किंवा दोरावर लटकणारा माणूस लागायचा. आता दुरुस्तीचं कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो हाताशी येतात आणि कंत्राटदाराने "पूर्ण बाजू खराब आहे" म्हटलं तर समिती विचारू शकते, कुठे?

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा, कॅमेरा असेल तर सौर पॅनेलमधला बिघडलेला सेल गरम ठिपक्यासारखा उठून दिसतो. हे काम भर उन्हातच करायचं, पॅनेल चालू असताना. गळतीसाठी उलट: ऊन उतरल्यावर, कारण ओला स्लॅब आणि कोरडा स्लॅब वेगवेगळ्या वेगाने थंड होतात. तरी ड्रोन गळतीचा संशय दाखवतो, कारण नाही. स्ट्रक्चरल ऑडिटची जागा तो घेत नाही. तसं कुणी सांगत असेल तर दारातूनच परत पाठवा.

घोडबंदर रोडच्या उंच टॉवरवाल्यांसाठी एक गंमत. मजल्याला ३ मीटर धरले तर ४० मजले म्हणजेच १२० मीटर, आणि हिरव्या आकाशाची मर्यादाही तेवढीच. तुमचा टॉवर ४५ मजल्यांचा असेल तर त्याच्या गच्चीचा फोटो विनापरवानगी काढता येत नाही.

समोरच्या विंगच्या खिडक्या दिसतील. भांडण होईल.

होईल, जर आधी सांगितलं नाही तर. नोटीस बोर्डावर दोन दिवस आधी तारीख आणि वेळ लावा, ग्रुपवर टाका, आणि उडवताना समितीतलं कुणीतरी आमच्या शेजारी स्क्रीन बघत उभं राहू द्या. एखाद्या स्त्रीचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. "शेजारी गच्चीवर काय करतो ते जरा बघा" अशी कामंही आमच्याकडे येतात. ती आम्ही घेत नाही.

अजून न बांधलेल्या बाविसाव्या मजल्यावरून काय दिसेल, हे दाखवता येतं?

येतं. ड्रोन ६५-६६ मीटरवर स्थिर ठेवायचा आणि गोल फिरवायचा, झालं. बिल्डर मंडळी हे जाहिरातीला वापरतात. घर घेणाऱ्यांनी मात्र एवढं विचारावं: समोरच्या रिकाम्या प्लॉटवर काय येणार आहे? ड्रोनला आजची खाडी दिसते, उद्याची विंग नाही.

लग्न, साखरपुडा, विसर्जन मिरवणूक?

लग्न, हो. लॉनवर, मोकळ्या जागेत, वरातीच्या थोडं बाजूने. गर्दीच्या थेट डोक्यावर उडवत नाही, मग नवऱ्याचे काका कितीही आग्रह करोत. पंखा तुटला तर अर्धा किलोचं यंत्र दगडासारखं खाली येतं. विसर्जनाला मासुंदा तलाव किंवा उपवनला पोलिसांचे स्वतःचे ड्रोन असतात, आपले नकोत.

पावसाळ्यात काम होतं का?

जवळपास नाही. बाजारातले बहुतेक ड्रोन पावसात चालण्यासाठी बनलेले नसतात. आणि खाडीकाठी पाऊस नसला तरी वारा असतो, खारी हवा मोटरींत जाते. आमचा एक ड्रोन खारेगावच्या बाजूला खाडीत गेला तो पावसाने नाही, परतीच्या समोरच्या वाऱ्याने. जाताना वारा पाठीशी होता म्हणून बॅटरी भरपूर वाटली. चूक आमचीच.

सगळ्यात स्वच्छ हवा पाऊस संपतानाची, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. डोंगर हिरवे, आकाश धुतलेलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ठाणे-बेलापूर पट्ट्यावर धुरकं बसतं आणि फोटो दुधाळ येतात. मोजणीला दुपारी १२ च्या आसपासचं ऊन चांगलं, कारण सावल्या आखूड. देखण्या फोटोंना नेमकी तीच वेळ वाईट.

घारी हल्ला करतात हे खरं?

खरं. हिवाळ्यापासून त्यांची घरटी असतात आणि ड्रोन त्यांना घुसखोर वाटतो. घार झेपावली की ड्रोन वर घ्यायचा, कारण ती वरून खाली येते, सरळ वर चढणं तिला जड जातं. दुसऱ्यांदा आली तर उतरवून डबा खायला बसायचं. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे आम्ही तसंही काम ठेवत नाही.

आमच्या भागाचे जुने हवाई फोटो कुठे मिळतील?

आधी फुकटचं बघा, आम्हाला फोन नंतर. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे. लँडसॅट उपग्रहांची १९८४ पासूनची चित्रं ३० मीटरच्या पिक्सेलची आहेत. त्यात तुमची बिल्डिंग दिसणार नाही, पण नेरूळ-वाशीच्या कडेची खाजणं कशी आक्रसत गेली ते वर्षागणिक दिसतं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची २०१५ नंतरची चित्रं १० मीटरची. इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९ पासून आहे.

यात सगळ्यात बोलकी गोष्ट खारफुटीची. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटी तोडण्यावर बंदी आणली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. हा पट्टा जागेवर उभं राहून कळत नाही, चिखल आणि झुडपांतून जाताही येत नाही. वरून कळतो. सिडकोच्या धारण तलावांचंही तसंच. भरतीच्या वेळी शहरातलं पावसाचं पाणी थोपवायला हे तळे केले, आणि कित्येकांत गाळ साचून खारफुटी उगवली. आता गाळ काढायचा तर झाडं आड येतात, झाडं राखायची तर पाणी वस्तीत येतं. कुणाची बाजू घ्यायची हा वेगळा वाद. पण दोन्ही बाजूंचे लोक बैठकीला एकच हवाई फोटो घेऊन जातात हे आम्ही पाहिलंय.

हे सगळं कधी सुरू झालं?

ड्रोनच्या पुष्कळ आधी. नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून फोटो काढला. तो आज उरलेला नाही. टिकलेला सर्वांत जुना हवाई फोटो १८६० चा, बोस्टन शहराचा, जेम्स वॉलेस ब्लॅकने बलूनमधूनच काढलेला. म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावायला लागून सात वर्षं झाली होती. पुढे ज्युलियस न्यूब्रॉनर या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीवर आपोआप क्लिक होणारे छोटे कॅमेरे बांधले. १९०६ च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्सने पतंगांना कॅमेरा टांगून उद्ध्वस्त सॅन फ्रान्सिस्कोचा फोटो घेतला. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक टिपायला विमानं गेली आणि तिथून हे शास्त्र झालं. आमच्या मते यात कबुतरांचा मान मोठा. बॅटरी लागत नव्हती आणि घरी आपोआप परत यायची.

विमानाच्या खिडकीतून काढलेले फोटो चालतात का?

हौसेला चालतात. हवाई दलाच्या धावपट्टीवर, उदाहरणार्थ पुण्याला, कॅमेरा बाहेर काढू नका, आणि कर्मचारी नको म्हणाले की नको. मोजणीला मात्र ते निरुपयोगी: काच, कोन, वेग, तिन्ही आडवे येतात.

किती पैसे आणि किती दिवस?

उडण्याचा वेळ एका बॅटरीला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. त्यामुळे "अर्ध्या तासाचं काम, एवढे पैसे?" असं वाटणं साहजिक आहे. पैसे लागतात ते परवानगीच्या कागदांना, विम्याला, खुणा मोजायला आणि नंतर संगणकावर रात्रभर फोटो शिवायला. लग्नाचे फोटो आठवड्यात. ऑर्थोफोटोला जागेच्या आकारानुसार जास्त. पिवळ्या क्षेत्रातलं काम असेल तर तारीख आम्ही देत नाही, परवानगी देते. मुहूर्त ठरलेला असेल तर आधी फोन करा.

येताना आम्ही काय तयार ठेवू?

मालकीचा किंवा समितीच्या ठरावाचा कागद, गच्चीची किल्ली आणि एक प्लास्टिकचं टेबल. हसू नका. स्लॅबमधल्या सळयांमुळे ड्रोनचा होकायंत्र गोंधळतो, म्हणून तो जमिनीवरून न उडवता टेबलावरून उडवतो. गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर तेही आधीच सांगा, शेजारची गच्ची मागावी लागेल.